गोल झाल्याशिवाय न सुटणारी पिशवी

ये बघू इकडे, जवळ बस. असा एक पाय दारात नि एक पाय बाहेर ठेवून बोलू नकोस माझ्याशी. फोनवरसुद्धा तू तशीच बोलतेस. परवा काय म्हणालीस, "अक्का, आई घमेलंभर वाळू मागतेय. नदीचीच पाहिजे म्हणते. पुण्यात अकराव्या मजल्यावर मी वाळू कुठून आणू? विचारलं तर म्हणते, अक्काला विचार. तिचं डोकं ठिकाणावर आहे ना?" आणि मी तोंड उघडायच्या आत, "बरं, मीटिंग आहे, ठेवते." असला प्रश्न विचारून कोणी फोन ठेवतं का गं? वडिलांच्या तेराव्यालाही तशीच आलीस. पायात चपला तशाच, हातात मोबाईल, चहा अर्धा टाकून गेलीस.

तुझ्या आईचं डोकं ठिकाणावर आहे. ठिकाण पुण्यात नाही, एवढंच. आता फोनवर तू ऐकायची नाहीस, म्हणून लिहून काढते. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं पेपर वाचून वाचून आलेलं, तेव्हा र्‍हस्वदीर्घ तपासू नकोस. सकाळपासून तीनदा लिहायला बसले नि तीनदा उठले. एकदा गॅस बघायला, एकदा गॅलरीत, तिसऱ्यांदा कशाला उठले ते मलाच माहीत नाही. तुझे वडील गेल्यापासून माझं बूड म्हणून एका जागी टिकत नाही.

तुझे वडील, म्हणजे आम्हा सगळ्या गल्लीचे भाऊ, टेलर होते हे तुला मी काय सांगायचं. पण मैदानात ते कोण होते हे तुला माहीत नाही, कारण तू एकदाही आली नाहीस. मी सुरुवातीला गेले ती पोरासाठी. माझा मुलगा फुटबॉलमध्ये बॅकला खेळायचा, त्याची पाण्याची बाटली धरून बसायचे. पुढे पोरगा नोकरीला नाशिकला गेला आणि मी मैदानातच राहिले. सिमेंटच्या पायऱ्यांवर तिसरी पायरी, कडुनिंबाची सावली चारपर्यंत तिथेच असते. भाऊ, त्यांच्या उजव्या हाताला मी, मागे निवृत्त गुरुजी, त्यांच्या शेजारी किराणा दुकानवाले शेठ. बाकीचे येऊन जाऊन. आम्हा चौघांची जागा ठरलेली.

आपल्या टीमच्या जर्सीवरचे नंबर भाऊच शिवायचे. एकदा दोन पोरांच्या पाठीवर सात शिवला. रेफ्रीने शिट्टी मारून खेळ थांबवला, कप्तान धावत पायऱ्यांपाशी आला, "भाऊ, हे काय केलं?" भाऊ म्हणाले, "काय बिघडलं? दोघंही चांगले खेळतात." मग भर मैदानात खिशातून सुई काढून, पोराला पाठमोरं उभं करून, सातावर एक आडवी पट्टी टाचून त्याचं काहीतरी केलं. काय केलं ते रेफ्रीलाही कळेना. पण खेळ सुरू झाला.

आणि पिशवी. आता मुद्द्यावर येते, चुळबूळ करू नकोस.

जर्सीच्या उरलेल्या कापडाची, हिरवी पांढरी, तोंडाला नाडी ओवलेली एक पिशवी भाऊंनी शिवली होती. म्हणजे एक नाही, चार-पाच होत्या, सगळ्या सारख्या. प्रत्येक मॅचला भाजलेल्या खाऱ्या शेंगा भरून एक पिशवी यायची. ती भाऊंच्या नि माझ्या मध्ये ठेवायची. आपल्या टीमचा गोल झाला की नाडी सुटायची नि सगळ्यांना मूठमूठ शेंगा. गोल झाला नाही तर पिशवी उघडायची नाही. समोरच्यांनी तीन घातले असू देत, उन्हाने घशाला कोरड पडू दे, शेठच्या पोटात कावळे ओरडू देत. शेठ दर वेळी मागून म्हणायचे, "भाऊ, ही शेंगांची पिशवी आहे का बँकेचं लॉकर?" भाऊ मागे न बघता म्हणायचे, "चावी त्या अकरा जणांकडे आहे. त्यांना विचारा."

तशा शेंगा मी दुसरीकडे कुठे खाल्ल्या नाहीत. टरफल करपलेलं नाही, दाणा आतपर्यंत खरपूस, मीठ बाहेर नाही तर दाण्यात. कोणी विचारलं तर भाऊ मिशीवरून हात फिरवायचे, "ते एक तंत्र आहे." आम्ही समजत होतो, हा माणूस दुकान बंद करून घरी शेंगा भाजत बसतो.

आता गोल न झालेल्या पिशवीचं काय करायचं? भाऊ ती घरी न्यायचे नाहीत. माझ्या हातात द्यायचे. "अक्का, सांभाळ, पुढल्या मॅचला आण." मी एकदा विचारलं, घरी का नेत नाही. म्हणाले, "घरी परत नेली तर ती विचारेल ना." मला वाटलं, वाया गेल्या म्हणून वहिनी रागावत असतील. मी ती ओट्याशेजारच्या खिळ्याला टांगायचे. पुढच्या मॅचला भाऊ नवी पिशवी आणायचेच, म्हणजे दोन व्हायच्या. एका वर्षी टीमला असा काही दुष्काळ पडला की माझ्या स्वयंपाकघरात एका खिळ्याला तीन पिशव्या लटकत होत्या. सून नाशिकहून आली तेव्हा म्हणाली, "आई, हे काय तोरण लावलंय?"

शेवटची मॅच जळगावला होती. थंडीचे दिवस. आम्ही चौघं एसटीने गेलो, पारोळ्याला चहा घेतला, एरंडोलच्या पुढे गुरुजींना उलटी झाली, सगळं नेहमीसारखं. मॅच काही झाली नाही. म्हणजे झाली, पण गोल नाही. शेवटी आपल्या पोराने मारलेला चेंडू पोस्टाला लागून परत आला.  येताना पारोळ्यापाशी भाऊ म्हणाले, "पोस्टाला लागला म्हणजे अर्धा गोल होतो का हो गुरुजी?"

शेठ लगेच पुढे वाकले. "होतो, होतो. अर्धी नाडी सोडा."

भाऊंनी पिशवी मांडीवर घेतली, नाडीच्या गाठीत नखसुद्धा घातलं. मग काय वाटलं कोणास ठाऊक, गाठ पुन्हा घट्ट केली. "नको. पोरांना काय वाटेल? नियम तो नियम." धुळ्याच्या स्टँडवर पिशवी माझ्या हातात दिली. "अक्का, पुढल्या रविवारी फोडू."

तो रविवार त्यांना लाभला नाही. चार दिवसांनी मशीनवर बसल्या बसल्याच गेले, ते तुला माहीत आहे. तू आलीस, गेलीस. तू पायऱ्यांवर आली असतीस तर दिसलं असतं की तिथे अजून तिसऱ्या पायरीवर त्यांच्या जागेवर कोणी बसत नाही. शेठ तिथे पाण्याची बाटली ठेवतात, जागा धरल्यासारखी.

आणि माझ्या खिळ्याला ती पिशवी. मला ती सुखाने जगू देईना. स्वयंपाक करताना नजर तिच्याकडे. उंदीर लागेल म्हणून खिळ्यावरून काढून डब्यात ठेवली. डब्यात वास धरेल म्हणून पुन्हा बाहेर काढली. वरच्या फळीवर ठेवली, तिथे उष्णता फार, म्हणून पुन्हा डब्यात. दिवसातून चारदा हात लावून बघायचे, गाठ जशीच्या तशी आहे ना. भाऊंच्या हातची गाठ होती ती.

मग ग्रुपवर ठरलं, भाऊंच्या आठवणीची एक मॅच ठेवायची. अमळनेरची टीम यायला तयार झाली. गुरुजींनी लिहिलं, गोल झाला की भाऊंची पिशवी सोडायची. सगळ्यांनी खाली हात जोडलेले पाठवले. शेठचा फोन आला, "अक्का, पिशवी आहे ना?" म्हटलं, "आहे. माझ्या जिवापेक्षा जास्त जपलीय."

हे मी बोलले, लक्षात ठेव.

त्याच आठवड्यात माझी बहीण पारोळ्याहून आली. तिला स्वस्थ बसवत नाही, आमच्या घराण्यातच ते आहे. मी बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी गेले, यायला दुपार झाली. ताट वाढून तयार. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी. भूक लागलेली. चटणी तोंडात टाकली नि काय सांगू, डोळेच मिटले. म्हटलं, "मीठ अंमळ पुढे आहे, पण झक्कास झालीय." बहीण खूश. "घे की अजून." मी घेतली. पुन्हा घेतली. बोट चाटलं.

हात धुवायला मोरीकडे गेले तर दोरीवर हिरवी पांढरी पिशवी. स्वच्छ धुतलेली, पिळलेली, उलटी करून वाळत घातलेली. नाडी वेगळी.

माझ्या तोंडात अजून चटणीची चव होती. बहीण मागून म्हणाली, "डब्यात केव्हाच्या शेंगा पडल्या होत्या तुझ्या, म्हटलं वास लागायच्या आत सोलून टाकाव्या. टीव्ही बघता बघता झालं काम. पिशवी मळली होती, धुऊन टाकली."  तिला काय बोलणार? मीच चाखूनमाखून खाल्ली होती. उरलेली चटणी एका काचेच्या बरणीत होती, वाटीभर. तिचं झाकण मी इतकं घट्ट लावलं की मलाच पुन्हा उघडेना.

मग मी ते केलं जे तुला सांगायला मला लाज वाटते. भट्टीवाल्याकडून खाऱ्या शेंगा आणल्या, पिशवीत भरल्या, नाडी ओवली आणि भाऊंच्यासारखी गाठ मारून बघितली. माझी गाठ काही तशी बसेना. सात-आठदा मारली. मग म्हटलं, गाठ कोण बघतंय.

मॅचच्या दिवशी ऊन भारी. मी पिशवी छातीशी धरून बसले होते. गुरुजींनी पिशवीला हात लावून कपाळाला लावला.  तेवढ्यात पायऱ्यांखाली गडबड झाली. बघते तर तुझी आई. डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या, मैदानाकडे बघत उभी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. शेठच बोलवायला गेले होते. ती वर आली आणि शेठची बाटली ठेवलेल्या जागेपाशी थांबली.

"आठे कोन बसस, अक्का?" इथे कोण बसतं, म्हणून विचारते.

मी बाटली उचलली. "आठे तूच बस, वहिनी."

ती बसली. पिशवी आमच्या मध्ये. तिने पिशवीकडे बघितलं, मग मैदानाकडे. दहा-बारा मिनिटं गेली. मग माझ्या कानाशी येऊन विचारते, "गोल कधी व्हस?"

म्हटलं, "झाला तर होईल."

"झाला तर कसं? होतोच ना. ते सांगायचे, एकही मॅच कोरडी जात नाही."

 मग ती आपल्या मनाशीच बोलल्यासारखी सांगायला लागली, की भाऊ प्रत्येक मॅचनंतर घरी येऊन रिकामे हात दाखवायचे नि म्हणायचे, "बठ्ठ्या सरी ग्यात." म्हणजे सगळ्या संपल्या, एकही उरली नाही. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की माझ्या खिळ्यावर इतकी वर्षं काय लटकत होतं.

आता माझी अवस्था बघ. एका बाजूला ही बाई, हिला वाटतं टीम दर वेळी गोल करते. दुसऱ्या बाजूला माझी पिशवी, गोल झाला की सुटणार. आयुष्यात पहिल्यांदा, देवाशपथ सांगते, मी मनात म्हणत होते, गोल होऊ देऊ नको. आपली पोरं बॉल घेऊन पुढे धावली की मी पिशवी पदराखाली ओढायचे. अमळनेरच्या गोलकीपरने एक जबरदस्त अडवला तर माझ्या तोंडून "वा" निघून गेलं. गुरुजींनी मागून खांद्यावर टिचकी मारली. "अक्का, आपण कोणाकडून आहोत?"

हाफटाईमला कोरडं. वहिनी अस्वस्थ. पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय, सोडतेय. मी पिशवी एकदा मांडीवर घेते, एकदा खाली ठेवते. आम्ही दोघी दोन वेगळ्या काळजीने तळमळत होतो आणि मागे शेठ सगळ्यांना सांगत होते, "बघा, बायकांना किती लागून राहिलंय."

शेवटची काही मिनिटं राहिली तेव्हा कॉर्नर मिळाला. सहा नंबरच्या पोराने, त्याची जर्सी भाऊंच्या हातची, उडी मारून डोक्याने चेंडू आत टाकला. पायऱ्या उठल्या. गुरुजी रडायला लागले, शेठ त्यांना धरून स्वतःच रडायला लागले. मी बसून होते. वहिनी माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "झाला ना?"

"झाला," मी म्हटलं.

नाडी मीच सोडली. माझीच गाठ मला सुटेना, लोकांना वाटलं भावना. मूठमूठ वाटल्या. पोरं मैदानातून घामेजलेली आली, त्यांना दिल्या. गुरुजी एक शेंग फोडून दाणा जिभेवर ठेवून डोळे मिटून म्हणाले, "हीच. हीच भाऊंची चव." शेठ म्हणाले, "असं भाजणं आता होणे नाही." मी मान खाली घातली.

वहिनीने एक शेंग घेतली. फोडली. दाण्याचं साल अंगठ्याने काढलं, उजेडात धरून बघितलं, मग तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिली. मग अगदी हळू, माझ्या एकटीपुरतं म्हणाली, "अक्का, या मन्या शेंगा नहीत."

माझ्या. मन्या. भाऊंच्या नाही, तिच्या. मला तेव्हा कळलं की मिशीवरून हात फिरवत तंत्र सांगणाऱ्या माणसाने आयुष्यात एक शेंग भाजली नव्हती.

तिने गलका केला नाही. उरलेल्या शेंगा मुठीत धरल्या, दुसरी फोडली, ती पण खाल्ली. गुरुजींनी विचारलं, "वहिनी, भाऊंचं हे तंत्र तुम्हाला माहीत असेल." ती म्हणाली, "थोडं थोडं."

मॅच संपल्यावर मी तिला सोडायला निघाले. माझ्या घराच्या कोपऱ्यावर थांबले नि सगळं ओकून टाकलं. पिशवी, डबा, बहीण, चटणी, भट्टी. ती ऐकत राहिली. मला वाटलं आता ही मला कायमची तोडणार. तिने विचारलं, "चटणी उरली शे का?"

घरात नेलं. बरणीचं झाकण तिनेच उघडलं, माझ्याने उघडेना. बोटाने चाखली. म्हणाली, "लसूण जास्त घातलाय तुझ्या बहिणीने." मग पुन्हा चाखली. मग ओट्याशी उभी राहून, चेहरा खिडकीकडे करून, थोडं थोडं करत वाटीभर चटणी तिने नुसती खाल्ली, पाणी न पिता. तिच्या त्या शेवटच्या भाजलेल्या शेंगा होत्या ना. त्यांच्यासाठी भाजलेल्या.

मग खिळ्याकडे बघून म्हणाली, "गोल नाही झाला की इथे यायच्या?"

"हो."

"पुष्कळदा?"

"आता खोटं काय बोलू, वहिनी. पुष्कळदा."

ती खाली बसली. मला वाटलं रडेल. तर म्हणते, "मग सांगायचं की मला. मला वाटायचं हे नेहमी जिंकतात. नेहमी जिंकणाऱ्यांचं बघायला जाऊन काय करायचं, म्हणून मी आले नाही. हरतात माहीत असतं तर आले असते."

 मी म्हटलं, गुरुजींना, शेठला काय सांगू? त्यांनी भट्टीच्या शेंगा भाऊंच्या म्हणून खाल्ल्या. ती म्हणाली, "काही सांगू नको. पुढल्या मॅचला मी भाजून आणते. खाल्ल्या की त्यांचं त्यांनाच कळेल." मग तंत्र सांगितलं. पांझरा नदीची वाळू, चाळून धुतलेली. एकच वाळू वर्षानुवर्षं, तापून तापून काळी झालेली. शेंगा मिठाच्या पाण्यात घालायच्या, सावलीत सुकवायच्या, मग वाळूत. हात थांबवायचा नाही. हात थांबला की करपल्या.

आणि दोन दिवसांनी तू गाडी घेऊन आलीस. "आईला एकटं कसं ठेवू?" बरोबर आहे तुझं, लेकीचा जीव आहे. पण तिने विचारलं होतं, घमेलं घेऊ का बरोबर, तर तू म्हणालीस, "आई, तिथे सगळं मिळतं." आता तिथे ती वाळू मागतेय आणि तू मला विचारतेस की तिचं डोकं ठिकाणावर आहे ना. अगं, तिचा हात थांबलाय. म्हणून बसवत नाही तिला.

ते घमेलं तुमच्या बंद घरात मोरीच्या वर ठेवलेलं आहे, चावी माझ्याकडे. काल जाऊन बघून आले. वर जाळं धरलं होतं, काढलं. वाळूत हात घातला तर खालून एक शेंग निघाली, कोळसा झालेली. तशीच राहू दिली.

मॅच आखाजीच्या, तुमच्या पुण्यात अक्षय्य तृतीया म्हणतात तिच्या, आदल्या रविवारी आहे, आपल्याच मैदानावर, भुसावळची पोरं येणार आहेत. ती पोरं चांगली खेळतात, गोल होईल याची खात्री मी देत नाही. शेठ रोज विचारतात, "अक्का, आता पिशवीत काय भरायचं?" मी उगाच म्हणते, बघू. पिशवी धुऊन खिळ्याला लावलीय, रिकामी. येता जाता तिला हात लागतो नि मी पुन्हा उठते, पुन्हा बसते. गुरुजींना तोंड दाखवताना अजून चोरट्यासारखं होतं मला.

आखाजीला लेकी माहेरी येतात, तू किती वर्षांत आली नाहीस ते मोजत नाही. या वेळी ये. दोन दिवस आधी ये, शेंगा भिजवून सुकायला वेळ लागतो. आईला घेऊन ये, आणि चपला दाराबाहेर काढून आत ये. तिसऱ्या पायरीवर तुझ्यासाठी सरकून जागा करू, शेठ थोडे कुरकुरतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नको. लवकर ये, बाई.